लांबलचक इंग्रजी शब्द कसे फोडायचे, जोर कुठे द्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी इंग्रजी उच्चारांचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण मराठी माध्यमात शिकलेले असतात: नर्सिंगच्या मुली, पॉलिटेक्निकची मुलं, बढतीच्या मुलाखतीची तयारी करणारे चाळिशीतले लोक आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया. दर नव्या तुकडीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

एक खूण आधी सांगते. शब्दाचे तुकडे मी आडव्या रेघेनं दाखवले आहेत, आणि ज्या तुकड्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी ˈ अशी छोटी उभी रेघ आहे. उदाहरणार्थ हो-ˈटेल. इंग्रजी शब्दकोशांतही हीच खूण असते.

स्पेलिंग पाठ आहे, अर्थ ठाऊक आहे, तरी लांब शब्द आला की जीभ का अडखळते?

कारण आपण तो शब्द डावीकडून एकेक अक्षर लावत वाचतो. देवनागरीची सवय तशीच आहे. जे लिहिलंय ते क्रमानं म्हणायचं, आणि प्रत्येक काना-मात्रेला तिचा पूर्ण मान द्यायचा. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे शब्दाचा एक तुकडा राजा असतो आणि बाकीचे त्याच्यापुढे आवाज बारीक करतात. तो राजा कुठला, हे पुष्कळदा शब्दाच्या शेवटावरून ठरतं, सुरुवातीवरून नाही.

मी अकरावीत असताना वर्गात उभं राहून धडा वाचत होते. 'डिटरमाइन' असं वाचलं आणि मागच्या बाकावर हशा पिकला. सरांनी तो शब्द स्वतः म्हणून दाखवला, डि-ˈटर-मिन, आणि पुढे वाचायला सांगितलं. का तसं म्हणायचं, हे कुणी सांगितलं नाही. मला शब्दाचा अर्थ येत होता, स्पेलिंग येत होतं, व्याकरणात मी वर्गात पहिली होते. तरी त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. 'असंच असतं, पाठ करा' हे उत्तर मला तेव्हापासून पटत नाही. इंग्रजी शब्दांना नियम आहेत. अपवादही आहेत, पण नियम कळल्याशिवाय अपवाद दिसतच नाहीत.

सिलॅबल म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला काय म्हणतात?

एका दमात, एका स्वराभोवती उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे सिलॅबल. भाषाशास्त्रात मराठीतही त्याला 'अक्षर' म्हणतात. पण रोजच्या बोलण्यात अक्षर म्हणजे लिहिलेलं अक्षर, आणि त्यामुळे घोटाळा होतो. वर्गात मी 'तुकडा' म्हणते.

आपण हे तुकडे रोज पाडतो, फक्त लक्षात येत नाही. 'करवत' लिहिताना चार अक्षरं लागतात, बोलताना तुकडे दोनच: कर-वत. 'गडबड'ही गड-बड. 'समजणे' म्हणजे स-मज-णे. लिहिलेलं आणि बोललेलं वेगळं असू शकतं, हे मराठीला नवीन नाही.

मोजायचं असेल तर हनुवटीखाली हात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. साधारणपणे हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. वेन्झडे: दोनच वेळा, मग स्पेलिंगमध्ये काहीही असो. चॉकलेट बहुतेक इंग्रज दोन तुकड्यांत म्हणतात, ˈचॉक-लिट. व्हेजिटेबल आपण चार तुकड्यांत म्हणतो, तिकडे तीन: ˈव्हेज-ट-बल. कम्फर्टेबलही तीनच, ˈकम्फ-ट-बल. उलट 'इझम'मध्ये शेवटी स्वर लिहिलेला नाही, तरी तुकडे दोन होतात, इ-झम.

शब्द तोडायचा कुठे? काही सूत्र आहे का?

ढोबळ सूत्र असं. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते बहुधा पुढच्या तुकड्यात जातं. दोन असतील आणि त्या जोडीनं इंग्रजीत एखादा शब्द सुरू होऊ शकत नसेल, तर एक अलीकडे, एक पलीकडे.

मराठीतही जोडाक्षर असं मधून फुटतं. 'पुस्तक' हा शब्द घ्या. लिहितो पु-स्त-क, बोलतो पुस्-तक. शाळेत कवितेचे गण पाडताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायला शिकलात, त्याचं कारण हेच. जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो आणि ते जड होतं. यमाताराजभानसलगा ज्याला येतं, त्याच्या कानाला सिलॅबल नव्यानं शिकवावा लागत नाही.

सिलॅबल पाडणं आणि शब्दाची घडण ओळखणं एकच ना?

नाही. हा फरक मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिते.

हेलिकॉप्टर घ्या. म्हणताना तुकडे पडतात हे-लि-कॉप्-टर. आता हा शब्द बनला कसा ते पाहा. तो १८६१ साली फ्रान्समध्ये दोन ग्रीक शब्द जोडून घडवला गेला. पहिल्याचा अर्थ मळसूत्र, पेच. दुसऱ्याचा अर्थ पंख. त्यातला जोड 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्या मध्ये आहे, म्हणजे बरोबर त्या जोडाक्षराच्या आधी. जीभ ते जोडाक्षर मधून चिरते, अर्थ ते अख्खं ठेवतो. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांनी हा ग्रीक जोड विसरून 'हेलि' एवढाच तुकडा उचलला आणि हेलिपॅड, हेलिपोर्ट असे शब्द केले.

हिपोपोटॅमसचंही असंच. हिपो म्हणजे घोडा, पोटॅमस म्हणजे नदी. आपला 'पाणघोडा' हा शब्द त्याच अर्थानं बांधलेला आहे आणि तो जास्त सुटसुटीत आहे, असं माझं मत. बोलताना मात्र जोर नदीवर पडतो: हि-प-ˈपॉ-ट-मस.

म्हणून शब्द दोनदा फोडा. एकदा अर्थासाठी, एकदा जिभेसाठी. दोन्ही वेळा सुरी एकाच जागी पडेल असा आग्रह नको.

ओळीच्या शेवटी शब्द मोडतात, तो तिसरा प्रकार का?

हो, तो छपाईचा प्रश्न आहे. ब्रिटिश छपाईची परंपरा शब्दाच्या घडणीकडे जास्त पाहते, अमेरिकन परंपरा उच्चाराकडे. अमेरिकेत नोआ वेब्स्टरनं १७८३ च्या आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात उच्चाराप्रमाणे तुकडे पाडले. त्याआधीच्या पुस्तकांत 'शन' या शेवटाचेसुद्धा दोन तुकडे करून मुलांकडून घोकून घेत. त्यानं तो एक तुकडा धरला.

संगणकाला हे शिकवायचं काम स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी केलं. त्यांचा प्रबंध १९८३ चा. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत इंग्रजीसाठी ४,४४७ नमुने आणि फक्त १४ अपवाद शब्द आहेत. त्या अपवादांत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, कारण नाम असताना ते एका ठिकाणी तुटतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या. कुठला अर्थ आहे हे यंत्राला कळत नाही, म्हणून त्याला सांगून ठेवलं आहे की हे शब्द मोडूच नकोस.

शब्दकोशात मूळ शब्दाच्या मधे जे ठिपके दिसतात, ते कित्येकदा ओळ मोडण्याच्या जागा असतात, सिलॅबल नव्हेत. 'अबाउट'मध्ये तुकडे दोन, पण ओळीच्या शेवटी एकटं पहिलं अक्षर सोडायचं नसतं, म्हणून तिथे ठिपका मिळणार नाही. उच्चारासाठी ठिपके पाहू नका, शेजारची ध्वनिलिपी पाहा.

आघात म्हणजे तो तुकडा मोठ्यानं म्हणायचा का?

नुसतं मोठ्यानं नाही. तो तुकडा थोडा लांबतो, आवाजाची पट्टी बदलते, आणि त्यातला स्वर पूर्ण उमटतो. आणि बाकीच्या तुकड्यांतले स्वर विरतात, ही गोष्ट जोर देण्याइतकीच महत्त्वाची आहे. विरलेला स्वर आपल्या 'अ'च्या जवळचा असतो, 'कमळ'मधल्या पहिल्या 'क'त आहे तसा. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि त्याला स्वतःचं असं एक अक्षरही नाही. स्पेलिंगमध्ये तो ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कुणाच्याही वेषात येतो. बनाना म्हणताना लिहिलेले तीनही स्वर सारखे, पण ऐकू येतं ब-ˈना-न.

माझ्या वर्गातले लोक आघात पटकन शिकतात. अवघड जातं ते बाकीचं हलकं सोडणं. लिहिलेला स्वर गिळणं त्यांना आळशीपणा वाटतो, शाळेत त्यासाठी ओरडा खाल्लेला असतो. इंग्रजीपुरता तो संकोच सोडा.

जोर चुकला तर खरंच अर्थ बदलतो?

कधी कधी. ˈरे-कॉर्ड ही वस्तू किंवा नोंद, रि-ˈकॉर्ड ही क्रिया. ˈप्रे-झंट म्हणजे भेटवस्तू, प्रि-ˈझेंट म्हणजे सादर करणं. परमिट, कॉन्ट्रॅक्ट, इम्पोर्ट, रिबेल यांचंही असंच: नामात जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापदात दुसऱ्यावर. हा नियम सगळ्या दोन तुकडी शब्दांना लागत नाही. रिपोर्ट नाम असो की क्रियापद, रि-ˈपोर्टच.

आपल्याकडे रोज होणारी गल्लत करिअर आणि कॅरिअर यांची. क-ˈरिअर म्हणजे व्यवसायातली वाटचाल. ˈकॅ-रि-अर म्हणजे वाहून नेणारा, टिफिन कॅरिअरमधला. 'मुलाच्या कॅरिअरचं काय?' असं लग्नाच्या बैठकीतही विचारलं जातं. मराठी वाक्यात सगळ्यांना अर्थ कळतो. इंग्रजी मुलाखतीत समोरचा एक क्षण थबकतो.

आपल्यालाच हे जड का जातं?

मराठीत जोर बदलल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून कानाला त्याकडे लक्ष द्यायची गरजच पडलेली नाही. आणि मराठीचं स्वतःचं वजन वेगळ्या जागी बसतं.

'तिकीट' पाहा. इंग्रजीत तो ˈटि-किट, दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि सगळा भार पहिल्या तुकड्यावर. मराठीत आल्यावर आपल्या नियमानं अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार दीर्घ झाला, जसा गरीब, वकील यांत असतो. ति-कीट. भार शेवटी गेला. पाकीट आणि बिस्कीट त्याच वाटेनं आले. हे मराठीचं शुद्ध रूप आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. फक्त इंग्रजी बोलताना ते तिकडे नेऊ नका.

आणि आता जे सांगते ते मला फार मोलाचं वाटतं. 'तिकीट'ला प्रत्यय लावा: तिकिटाला. दीर्घ 'की' ऱ्हस्व झाली. जमीन, जमिनीला. फूल, फुलाला. प्रत्यय लागला की आधीचा स्वर आखडतो, हे मराठी पोराला शाळेत जाण्याआधीपासून येतं. तत्सम शब्द मात्र हलत नाहीत: शरीर, शरीराला. म्हणजे शब्द कुठून आला यावर त्याचं वागणं ठरतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजी लांब शब्दांचं सगळं गणित याच दोन गोष्टींवर चालतं. ही भाषा आपल्याला परकी वाटते, पण तिचा हा कायदा आपल्या घरचा आहे.

मग जोर कुठे पडणार हे ओळखायचं कसं?

शेपटी पाहा. इंग्रजी प्रत्ययांचे ढोबळमानानं तीन स्वभाव आहेत.

पहिला स्वभाव: जोर आपल्या अगदी आधीच्या तुकड्यावर ओढून आणणारे. यांतले बहुतेक लॅटिन-ग्रीक घराण्यातले. शन, इक, इटी, इयन हे त्यातले मोठे सरदार. ˈफो-ट-ग्राफ या शब्दाला 'इक' लागला की फो-ट-ˈग्रॅ-फिक. इ-ˈलेक-ट्रिक घ्या. त्याला 'इटी' लावली की इ-लेक-ˈट्रि-सि-टी, 'इयन' लावला की इ-लेक-ˈट्रि-शन. या तिन्ही शब्दांत स्पेलिंगमधलं 'सी' हे अक्षर जागचं हललेलं नाही, पण आवाज क, मग स, मग श. वर्गात हे तीन शब्द मी एकाखाली एक लिहिते आणि त्या एकाच अक्षराभोवती लाल खडूनं गोल काढते. इंग्रजी स्पेलिंग उच्चार दाखवत नाही म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण ते नातं दाखवतं. हे तीन शब्द एकाच घरातले आहेत हे डोळ्यांना कळतं.

'ग्रफी', 'लॉजी', 'क्रसी' यांत जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर येतो. फ-ˈटॉग-र-फी. बाय-ˈऑ-ल-जी. डि-ˈमॉक-र-सी. आपण फोटोग्राफी म्हणताना फो, टो, ग्रा हे तीनही स्वर पूर्ण उच्चारतो, तिथे त्यांतला पूर्ण स्वर एकच, 'टॉ'चा. डेमोक्रॅट या शब्दाचे तीन अवतार एका दमात म्हणून पाहा: ˈडे-म-क्रॅट, डि-ˈमॉक-र-सी, डे-म-ˈक्रॅ-टिक. तीन शब्दांत जोर तीन जागी. कान याला सरावला की अर्धी लढाई जिंकलीत.

दुसरा स्वभाव: जोर स्वतःच्याच डोक्यावर घेणारे. एन्-जि-ˈनिअर, व्हॉ-लन-ˈटिअर, जॅ-प-ˈनीझ. मराठी माणसाला हे सोपे जातात, शेवटी भार ठेवायची सवय आहेच.

तिसरा स्वभाव: काहीच न हलवणारे. नेस, लेस, फुल, हुड, शिप, आणि शेवटचा 'ली'. हे प्रामुख्यानं जुन्या, अस्सल इंग्रजीतले. ˈकेअर, ˈकेअर-लेस, ˈकेअर-लेस-नेस. शब्द लांबत गेला, जोर जागेवर. 'मेंट' फ्रेंचमधून आला, पण वागतो यांच्यासारखाच: डि-ˈव्हे-लप, डि-ˈव्हे-लप-मंट. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ˈडेव्हलपमेंट सोडायचं असेल तर आधी मूळ क्रियापद दुरुस्त करा, बाकीचं आपोआप येतं.

'एट'नं संपणारी लांब क्रियापदं वेगळी. त्यांत जोर शेवटून तिसऱ्यावर: ˈकॅल-क्यु-लेट, क-ˈम्यु-नि-केट. तोच शब्द नाम किंवा विशेषण झाला की शेवट विरतो. 'शी विल ग्रॅज्युएट' म्हणताना शेवटी पूर्ण 'एट', पण 'शी इज अ ग्रॅज्युअट' म्हणताना नुसता 'अट'.

अपवाद किती आहेत?

आहेत, पण ते हाताच्या बोटांवर सुरू करता येतील. 'इक'मध्ये: ˈॲ-र-बिक, ˈकॅ-थ-लिक, ˈलू-न-टिक, ˈपॉ-लि-टिक्स, आणि गणित या अर्थी अ-ˈरिथ-म-टिक. दोन ई असूनही जोर स्वतःवर न घेणारा क-ˈमि-टी. टेलिव्हिजनमध्ये जोर पहिल्याच तुकड्यावर. एवढे भिंतीवर लावून ठेवा, पुढचे भेटतील तसे जोडा.

इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल: एका 'नाही'साठी इतके उपसर्ग का?

उपसर्ग एकच आहे, 'इन'. पुढच्या व्यंजनाला भेटून तो बदलतो. याला आपण संधी म्हणतो. उत् आणि लेख मिळून उल्लेख, सत् आणि जन मिळून सज्जन. लॅटिनमध्ये अगदी हेच घडलं. संस्कृतची व्यंजनसंधी शिकलेल्या मुलाला हे सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो, मी पाहिलंय.

फक्त एक सांभाळा. स्पेलिंगमध्ये दोन एल असले तरी इंग्रजीत आवाज एकच येतो, इ-ˈली-गल. समरला 'सम्मर', हॅपीला 'हॅप्पी' म्हणायची आपली सवय स्पेलिंगमधूनच आली आहे.

सामासिक शब्दांचं काय?

दोन शब्द मिळून एक वस्तू झाली की जोर बहुधा पहिल्यावर. ˈब्लॅकबोर्ड म्हणजे वर्गातला फळा, मग तो हिरवा का असेना. ब्लॅक ˈबोर्ड म्हणजे कुठलीही काळी फळी. ˈइंग्लिश टीचर इंग्रजी शिकवते, इंग्लिश ˈटीचर इंग्लंडची असते.

मी नर्सिंगला आहे. डॉक्टरी शब्दांसाठी काही युक्ती?

डॉक्टरी शब्द दिसायला भयंकर, पण सगळ्यात शिस्तबद्ध तेच. दाह असेल तर 'आयटिस', आणि जोर त्याच्या 'आय'वर: अ-पेन-डि-ˈसाय-टिस. कापून काढणं म्हणजे 'एक्टमी', जोर 'एक'वर: हिस-ट-ˈरेक-ट-मी. रक्ताबद्दल असेल तर 'ईमिया', जोर 'ई'वर: अ-ˈनी-मि-अ. 'गॅस्ट्रोएन्टरायटिस' म्हणजे गॅस्ट्रो पोट, एन्टर आतडं, आयटिस दाह. कान-नाक-घशाच्या शास्त्राचं पूर्ण नाव ओटो-रायनो-लॅरिंगॉलजी: कान, नाक, स्वरयंत्र, शास्त्र. जोर नियमाप्रमाणे 'गॉ'वर.

एका बाबतीत मात्र फार जपा. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन या दोन्हींत मुख्य जोर 'टेन'वर पडतो. म्हणजे जो तुकडा रुग्णाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा, तोच नेमका आवाजात दबतो. हायपोग्लायसीमिया, हायपरग्लायसीमिया यांचंही तेच, जोर 'सी'वर. ड्युटी बदलताना हे शब्द सांगायची वेळ आली तर नियम बाजूला ठेवा, उपसर्ग मुद्दाम ठासून म्हणा आणि सोबत आकडा सांगा. 'शुगर ५२ आहे' म्हटलं की गैरसमजाला जागा राहत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींकडून मी हे वाक्य जोडीजोडीनं बोलून घेते.

फारच लांब शब्दांत एकच जोर कसा पुरेल?

पुरत नाही. मुख्य जोर एक, आणि त्याच्या आधी एखाद-दोन दुय्यम. नेशन, नॅशनल, नॅ-श-ˈनॅ-लि-टी असं घर वाढत वाढत इंटरनॅशनलायझेशनपर्यंत जातं. त्यात 'इन' आणि 'नॅ' यांवर हलका जोर, आणि मुख्य जोर 'झे'वर, कारण शेपटी 'शन' आहे. पहिला 'ने' नॅशनलमध्ये 'नॅ' झाला, हेही टिपून ठेवा. हा शब्द लिहायला इतका लांब की संगणकवाले त्याचं पहिलं अक्षर आय, शेवटचं एन आणि मधे गाळलेल्या अक्षरांची संख्या १८ एवढंच लिहितात.

सगळ्यात लांब शब्द कुठला, आणि तो वाचता येतो का?

शब्दकोशांत नेहमी दाखवला जातो तो ४५ अक्षरांचा: न्युमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्केनो-कोनिओसिस. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात गेल्यानं होणारा आजार असा त्याचा अर्थ. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, एव्हरेट स्मिथ यांनी, तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून घडवला. तुकडे १९. वर दिलेल्या आडव्या रेघांवर थांबत म्हटलात तर पहिल्याच दिवशी जमेल.

मला शिकवायला त्याहून आवडतो तो २८ अक्षरांचा अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम, कारण त्याच्यामागे खरा इतिहास आहे. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापन करणं. एस्टॅब्लिशमेंट, इथे चर्चला असलेली राज्याची अधिकृत मान्यता. डिस लावला की ती मान्यता काढून घेणं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये यावर मोठा वाद होता. आयर्लंडमधल्या चर्चची मान्यता काढण्याचा कायदा १८६९ साली झाला. मान्यता काढावी म्हणणारा तो 'एरिअन', त्या मताला 'इझम', आणि त्या मताला विरोध म्हणून पुढे 'अँटी'.

आता जोर शोधू. शेपटी 'इझम': ती काही हलवत नाही, झाका. उरली 'इयन': ही जोर आपल्या आधीच्या तुकड्यावर ओढते. म्हणजे 'टे'वर. अँ-टी-डिस-इ-स्टॅब-लिश-मन-ˈटे-रि-अ-नि-झम. बारा तुकडे, आणि शब्दकोश न उघडता जोर सापडला.

ब्रिटिश उच्चार धरू की अमेरिकन?

ज्यांच्याशी बोलायचं त्यांचा. बहुतेक शब्दांत जोर सारखाच असतो. थोडे वेगळे आहेत: लॅबोरेटरी ब्रिटनमध्ये ल-ˈबॉ-र-ट्री, अमेरिकेत ˈलॅब-र-टो-री. जाहिरात या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये अड-ˈव्हर-टिस-मंट, अमेरिकेत ॲड-व्हर-ˈटाइझ-मंट. दोन्हींची सरमिसळ झाली तरी आभाळ कोसळत नाही.

भारतीय ढंगानं बोलणं चूक आहे का?

नाही. आपला 'ट', आपला 'व', आपली लय हे आपलं आहे आणि ते पुसायची गरज नाही. मी वर्गात कुणाचा ढंग बदलत नाही. जोर मात्र दुरुस्त करते, कारण इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो बराचसा जोरावरून. एखादा 'ट' जाड आला तरी त्याला शब्द कळतो. जोर दुसऱ्या तुकड्यावर गेला तर तो भलताच शब्द शोधू लागतो.

घरी मुलाकडून सराव कसा करून घेऊ?

शब्द उलटा बांधा. रिस्पॉन्सिबिलिटी शिकवायचा असेल तर 'रि'पासून सुरुवात करू नका. आधी 'टी'. मग 'लि-टी'. मग 'ˈबि-लि-टी', इथे जोर. मग 'सि-ˈबि-लि-टी', 'स्पॉन-सि-ˈबि-लि-टी', आणि शेवटी 'रि'. असं केल्यानं मुलाला प्रत्येक वेळी पुढचा रस्ता पाठ झालेला असतो, तो अडखळत संपत नाही, सराईतपणे संपतो.

वर्गात येणाऱ्या एक ताई पोळ्या लाटताना हे करतात. मुलगा ओट्याशी उभा राहून म्हणतो आणि जोराचा तुकडा आला की त्या लाटणं पोळपाटावर एकदा आपटतात. बाकीच्या तुकड्यांना लाटणं नुसतं फिरत राहतं. रोज तीनच शब्द घ्या, त्याच्याच विज्ञानाच्या पुस्तकातले. दुसऱ्या दिवशी नवे शब्द घेण्याआधी कालच्या तिघांच्या शेपट्या त्याला ओळखायला सांगा.